मोटर उन्हाने नाही, अडकल्याने जळते

नागपुरातल्या रोबोटिक्सवाल्या पोरांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: 'आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोटरी जळणारच. वर पंखा लावा, दोन मॅचच्या मधे बर्फ फिरवा, आणि बॉडीला हात लावून चटका बसला नाही म्हणजे मोटर ठीक.' यातलं बहुतेक सगळं चूक आहे आणि त्यापायी पोरांचे वर्गणीचे पैसे जळतायत.

आधी उन्हाचं बोलू. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो, हे खरंच. पण वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या, तारेवरचं इनॅमल (वीजरोधक लेप) सहसा 130 अंश किंवा त्याहून जास्त सोसणारं असतं. नेहमीच्या हवेपेक्षा ऊन त्यातले पंधरा-वीस अंश जास्त खातं, बाकीचे करंट खातो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वाइंडिंगचा रोध अर्धा ओहम असलेली 12 व्होल्टची मोटर घ्या. बेताच्या लोडवर ती 6 अँपिअर ओढत असेल तर तारेत 18 वॅट उष्णता होते. तीच मोटर जाम झाली आणि बॅटरी दमदार असली, तर 24 अँपिअर, म्हणजे 288 वॅट! 25 वॅटची अकरा सोल्डरिंग आयर्नं एका मुठीएवढ्या डब्यात. मग बाहेर डिसेंबरची थंडी असली तरी जळका वास यायला वेळ लागत नाही.

पंख्याचं थोडं खरं आहे. मॅचनंतर जाळीतून हवा मारली की मोटर लवकर निवते. पण 775 मॉडेलसारख्या बऱ्याच मोटरींचा आतला पंखा शाफ्टवरच (फिरणाऱ्या दांड्यावरच) असतो. शाफ्ट अडला की तोही थांबतो.

बर्फ मात्र नकोच. ब्रशच्या मोटरमध्ये तापतं ते मधलं आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरणारा भाग), आणि त्याच्या नि बॉडीच्या मधे हवेची फट असते. बॉडी गार होते, तांबं तापलेलंच राहतं, वर पाणी मोटरला करंट देणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावर गळतं. चटक्याची परीक्षाही म्हणूनच फसवी. मोटर बंद केल्यावरसुद्धा बॉडी काही वेळ तापतच जाते, कारण आतली उष्णता तेव्हा कुठे बाहेर पोचत असते.

खरं काम गिअरवर करा. रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे) दुप्पट केला तर वेग अर्धा होईल, पण तेवढ्याच ओझ्याला करंटही साधारण अर्धा आणि उष्णता चौथाई. बॉटचा आर्म (हात) वर धरून ठेवायचा असेल तर मोटरच्या जोरावर ठेवू नका, स्प्रिंग किंवा वर्म गिअर (ओझ्याने सहसा उलटा न फिरणारा स्क्रूसारखा गिअर) द्या. आणि कोडमध्ये एक अट आजच टाका: पीडब्ल्यूएम (मोटरला किती पॉवर द्यायची तो सिग्नल) चढा आहे, तरी एन्कोडरचा (फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा अर्धा सेकंद हलला नाही, तर पॉवर बंद. बॉट फळीला टेकवून ती खरंच लागते का, तेही बघून घ्या.