पुस्तक परत विकता आलं पाहिजे

इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन पक्की झाली, की पुण्यातल्या आमच्या घरी कुणा ना कुणावरून तोच वाद सुरू होतो. यंदा भाचीची पाळी. बहीण म्हणते, पहिलंच वर्ष आहे, नवा कोरा सेट घेऊन देऊ. भाची म्हणते, "मावशी, पुस्तकं घेतं कोण? सगळ्या पीडीएफ ग्रुपवर येतात." आणि भावोजींचं मत, अमेरिकेसारखं सगळं ऑनलाइन झालं की प्रश्नच मिटेल. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणा, असं ओहायोतून सांगणारी मी एकटीच.

आधी भावोजींचा मुद्दा, कारण माझ्या मुलाच्या कॉलेजमुळे तो मी जवळून पाहते आहे. इथे नवं पाठ्यपुस्तक शे-दोनशे डॉलरला पडतं. पण ते छापील असेल, तर सेमिस्टर संपल्यावर विकून निदान थोडे पैसे सुटतात. या हक्कासाठी इथे मोठा खटला झाला आहे. थायलंडहून शिकायला आलेल्या सुपाप कर्टसेंगने तिकडच्या स्वस्त आवृत्त्या नातेवाइकांकडून मागवून अमेरिकेत विकल्या, म्हणून जॉन वायली या प्रकाशन कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. कायदेशीर छापलेली प्रत विकत घेतली, की ती पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती कुठल्याही देशात छापलेली असो.

पण हा हक्क छापील प्रतीचा. आता बऱ्याच विषयांचा गृहपाठच प्रकाशकाच्या वेबसाइटवर असतो आणि तिथे शिरायला कोड विकत घ्यावा लागतो, अनेकदा 100 डॉलरच्या आसपास. एकाने वापरलेला कोड दुसऱ्याला चालत नाही, आणि मुदत संपली की पुस्तकही बंद. मित्राकडून मागून घेता येत नाही, धाकट्या भावाला देता येत नाही. कोड घेतला नाही तर गृहपाठाचे मार्क जातात. भावोजी, हे 'सगळं ऑनलाइन' पुण्यात येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पीडीएफ वाचणाऱ्या मुलांना मी नावं ठेवणार नाही, पैसे नसले तर करणार काय. पण मोबाइलच्या पडद्यावर गणितं सोडवत परीक्षेची तयारी करायची म्हणजे डोळ्यांचे हाल. सीनिअरच्या पुस्तकात मात्र कुठला प्रश्न कितीदा आला याच्या खुणाही असतात. त्या मला नव्या पुस्तकापेक्षा मोलाच्या वाटतात.

मग पुण्यात जुनं पुस्तक वाया का जातं? मुलांना नव्याची हौस असते असं घरी सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. खरी अडचण पॅटर्नची, म्हणजे विद्यापीठ दर काही वर्षांनी बदलतं त्या अभ्यासक्रमाची आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा इंजिनिअरिंगचा 2015चा पॅटर्न गेला, 2019चा आला, आता 2024चा आहे. लोकल ऑथरची, म्हणजे इथल्याच लेखकांनी या परीक्षेसाठी काढलेली पुस्तकं सिलॅबसच्या युनिटप्रमाणे लिहिलेली असतात. पॅटर्न बदलला की दुकानदार ती हातात धरत नाही आणि पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत जातात. आतला लाप्लास ट्रान्सफॉर्मसारखा गणिताचा धडा तोच असतो, फक्त युनिट तिसऱ्याचं दुसरं झालेलं असतं!

हे थांबवायला फार खर्च नाही. पॅटर्न बदलताना प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाने एक पानाचा तक्ता काढावा: जुन्या युनिटमधलं काय तसंच राहिलं, काय गाळलं, काय नवं आलं. तो तक्ता हातात असला, तर बाप जुनं पुस्तक निर्धास्त घेईल आणि नव्या भागापुरती झेरॉक्स काढेल. अमेरिकेकडून काही उचलायचंच असेल, तर 2008चा कायदा उचलावा. त्याप्रमाणे जुलै 2010 पासून इथल्या कॉलेजांना कोर्सच्या वेळापत्रकासोबतच लागणाऱ्या पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि किंमत शक्य तिथे जाहीर करावी लागते. यादी आधी मिळाली, की जुनं पुस्तक शोधायला वेळ मिळतो. आपल्याकडे वर्ग सुरू झाल्यावर सर एखादं नाव सांगतात आणि सगळे एकदम दुकानात धावतात.

तोवर बहिणीला माझं सांगणं एवढंच: लोकल ऑथरचं पुस्तक घेताना आधी मुखपृष्ठावरचा पॅटर्न बघ, जुना असेल तर सोडून दे. जाडजूड रेफरन्स बुकांना पॅटर्नचं सोयरसुतक नसतं, ती एखादी आवृत्ती मागची असली तरी बिनधास्त जुनी घे. 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असं छापलेली तीच पुस्तकं इथल्या किमतीच्या कितीतरी खाली मिळतात, त्यातून जुनी म्हणजे आणखी स्वस्त. पानं सगळी आहेत ना, ते दुकानातच उलटून पाहा. आणि भाचीला सांग, नाव पेन्सिलीने घाल, पुढच्या वर्षी ती पुस्तकं विकायची आहेत.