लिमातच्या काठावरून

नगरहून ताईचा फोन आला. भाचा एका नव्या प्रार्थनासभेत जाऊ लागलाय आणि आता पुन्हा बाप्तिस्मा घेणार आहे, तोही बुडीचा. तीन महिन्यांचा असताना चर्चमध्ये त्याच्या कपाळावर पाणी घातलं होतं, ते खरं नव्हतंच म्हणे. इकडे मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात, पाण्यात उतरला तर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, बंद. ताई रडत होती.

मी झुरिचला राहतो. कामावर जाताना लिमात नदी ओलांडतो. जानेवारी १५२५ मध्ये याच शहरात, फेलिक्स मान्त्सच्या घरी, कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला पुन्हा बाप्तिस्मा दिला. अशा पुन्हा बाप्तिस्म्यापायीच ५ जानेवारी १५२७ रोजी मान्त्सला हात बांधून याच नदीत बुडवलं. बुडवणारे कॅथलिक नव्हते. बायबल हाती घेऊन रोमशी भांडलेले, धर्मसुधारक झ्विंग्लीच्या शहराचे प्रॉटेस्टंट होते.

बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे तेव्हा गावात नाव लागणं. तो नाकारणारा उद्या नगराचा कायदाही नाकारेल, ही नगर परिषदेची धास्ती. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? लग्न असो की दफनभूमीतली जागा, आधी मंडळीचं रजिस्टर उघडतं. मुलगा दुसरीकडे पाण्यात उतरला की त्यातून नाव कापल्यासारखं घराला वाटतं.

२००४ मध्ये झुरिचच्या रिफॉर्म्ड चर्चने, म्हणजे झ्विंग्लीच्या परंपरेतल्या चर्चने, त्या छळाची माफी मागितली, बुडवलेल्यांच्या आठवणीचा फलक नदीकाठी लागला. मे २०२५ मध्ये जगभरचे मेनोनाइट, म्हणजे त्या पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे वारसदार, इथे जमले आणि झ्विंग्लीच्याच ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये उपासना झाली. ते वाचून माझे डोळे भरून आले. तरी इथल्या शांततेचा मला हेवा वाटत नाही. माझ्या शेजाऱ्यांना बाप्तिस्म्याचं काहीच वाटत नाही, मग भांडण कशाचं? ताईचं रडणं मला त्याहून जवळचं.

१९७० साली नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात समज आल्यावरच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही आले. बाळाला द्या किंवा समज आल्यावर द्या, दोन्ही रीती तिथे मान्य झाल्या. हे आपल्या मंडळीच्या वडिलांनी विसरू नये. दुसऱ्या बाप्तिस्म्याची गरज मला मुळीच पटत नाही. दृढीकरणाच्या दिवशी हाच मुलगा मंडळीसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून बसलाय. पण न पटणं वेगळं आणि प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवणं वेगळं.

भाच्याला सांगितलं, तुझं मन मी अडवणार नाही, पण आईने तुला हातात धरून जे दिलं त्याला खोटं म्हणू नकोस. पाळकसाहेबांना आज पत्र लिहिलं: प्रभुभोजनात त्याची जागा राहू द्या. सोबत त्या फलकाचा फोटो जोडलाय.