नाना, त्या तपासण्या उगाच नव्हत्या

'साध्या टायफॉइडला एवढ्या तपासण्या? लुटलं पोरीला.' पुण्याच्या हॉस्पिटलचं बिल बघून घरच्या ग्रुपवर नानांनी हे लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला होता, मेसवर जेवायचा, तिथूनच ताप घेऊन गावी आला. मी इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे जंतू तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. नानांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

बिलाचा राग मला कळतो. कट प्रॅक्टिस, म्हणजे तपासणीला पाठवून कमिशन घेणं, आपल्याकडे आहे, ते मी नाकारत नाही. पण पैसे वाया गेले असतील तर ते गावातच. तापाच्या तिसऱ्या दिवशी टायफॉइडसाठी रक्ताची विडाल, ती पॉझिटिव्ह, लगेच सलाईन आणि गोळ्या. विडाल ही १८९६ सालची तपासणी. ती जंतू शोधत नाही, अँटिबॉडी मोजते, आणि त्या तयार व्हायला आठवडाभर लागतो. टायफॉइड जिथे कायमचाच आहे, तिथे धडधाकट माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. तिसऱ्या दिवशीच्या त्या कागदाला काय अर्थ होता?

इथे फॉर्मवर 'भारतातून परत, ताप' असं असलं की अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या, बाटल्या भरून येतात. मशीनने बाटलीत वाढ दाखवली की थेंबभर रक्त काचेवर घेऊन रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्यांसारखे जंतू दिसले की वॉर्डला फोन. बँक हॉलिडे असो नाहीतर रात्रपाळी. निम्म्या रुग्णांत कल्चरही काही दाखवत नाही, हे खरं. पण दाखवतं तेव्हा कोणतं औषध लागू पडेल तेही सांगतं. नानांचं यावर ठरलेलं उत्तर आहे: तुमच्याकडे जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस बरा होतो नाहीतर जातो. असेल. मुद्दा तो नाही.

मुद्दा हा की गोळ्यांनी पोराचा ताप उतरला आणि तिसऱ्या आठवड्यात परत चढला. डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, मग डावा खांदा. गॅस झाला म्हणून ओवा दिला. मग पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि सोनोग्राफीला पाठवलं. प्लीहेत, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या पाणथरीत, पू झाला होता. टायफॉइडचे जंतू प्लीहा, यकृत, अस्थिमज्जेतल्या पेशींत दडून बसतात. प्लीहा सुजणं नेहमीचं, तिथे गळू होणं अगदी विरळा. प्लीहेच्या वरच्या, छाती-पोटामधल्या पडद्याला झळ लागली की दुखणं खांद्यात जातं.

आता नानांना खटकलेल्या तपासण्या एकेक घेते. सीटी स्कॅन कशाला? गळू किती, एक की अनेक, सुईने गाठता येईल का, हे कळायला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कशाला? प्लीहेत पू होण्यामागे बऱ्याचदा हृदयाच्या झडपेला झालेला संसर्ग असतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी कशाला? त्या आजारात साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या जंतूचं कुळ, अशा जागा धरतो. सीटी बघत सुई घालून पू काढला, नळी ठेवली, आणि त्या पुवाचं कल्चर केलं. निघाला साल्मोनेला टायफी, टायफॉइडचाच जंतू. गावात दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला न जुमानणारा. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून, आठवडेच्या आठवडे. गळू फुटलं असतं तर प्लीहाच काढावी लागली असती, आणि मग न्यूमोकोकससारख्या जंतूंपासून जपण्यासाठी लशी आणि सावधगिरी जन्मभराची. पोराची प्लीहा वाचली, नाना. ती या तपासण्यांनी वाचली.

'तिकडे बसून सांगायला काय जातं?' हे त्यांचं शेवटचं. ते लागलं मला. इथे टी-रूममध्ये कुणी भारताच्या पाण्याबद्दल बोललं की मीच तावातावाने सांगते की १९३७ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये विहिरीच्या पाण्यातून टायफॉइड पसरला आणि ४३ माणसं गेली. आपल्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी लस द्यायला सुरुवात केली, ती लस हैदराबादची. आणि घरी येऊन त्याच देशाशी ग्रुपवर भांडते. इथल्या नोंदींत टायफॉइडचे बरेच रुग्ण माझ्यासारखे असतात, माहेरी जाऊन आलेले. फॉर्मवर 'संसर्ग कुठे' या रकान्यात 'भारत' दिसलं की मला आधी राग येतो, मग घरची आठवण येते. गावी गेल्यावर काकूंनी दिलेल्या तांब्याऐवजी मी बाटलीचं पाणी पिते, तेव्हा त्या काही बोलत नाहीत. माझी मुलं तिथली पाहुणी, आणि हळूहळू मीही.

पण दूर राहते म्हणून मला दिसतं ते खोटं होत नाही. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला आहे. प्रत्येक तापाला अंदाजाने गोळी देत राहिलो तर आपल्याकडेही तेच होईल. नानांचा गावात शब्द चालतो. त्यांनी तो लातूरच्या मेसमधल्या पाण्याच्या टाक्यांसाठी वापरावा, लस सगळ्या पोरांना मिळावी म्हणून वापरावा. बहिणीला मात्र 'बरा झालाय, कशाला परत खर्च' म्हणू नका. पुढच्या महिन्यात सोनोग्राफी परत करायला सांगितली आहे, कारण पू पुन्हा साठू शकतो. पैसे मी पाठवते आहे. पोराला जाऊ द्या.