खुंटी, खिळा आणि चाळिसावा पावसाळा

कोकणातल्या घरबांधणीविषयी एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की कुसू-खुंटीचे जुने सांधे (एका लाकडाचे कापलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटीने अडकवलेले) स्क्रू-पट्टीपेक्षा कच्चे असतात, लाकडी घर म्हणजे जंगलतोड, आणि म्हणून स्लॅबचे घरच पर्यावरणाला मानवते.

नवा स्क्रू ओढून पाहिला तर पहिले विधान खरे वाटेल. पण समुद्रकाठी प्रश्न पहिल्या वर्षाचा नसतो, चाळिसाव्या पावसाळ्याचा असतो. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याची प्रक्रिया होऊन खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडते, कुजकट होते. राजापूर तालुक्यात एक जुने घर उतरवताना तुळईचे कुसू खांबाच्या खाचेतून बाहेर आले, तेव्हा त्यावर पटाशीच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. वीतभर अंतरावर मागाहून मारलेल्या खिळ्याची जागा मात्र नखाने उकरली जात होती. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खुंटी त्याच्याबरोबर हलते. जाणता सुतार तर कुसवातले भोक खांबातल्या भोकापासून सूतभर सरकवूनच पाडतो, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आवळतो.

वादळापुरते मात्र मजकुराचे म्हणणे मान्य करायला हवे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कौले-पत्रे उडाले. कौलारू छप्पर मुख्यतः स्वतःच्या वजनावर बसलेले असते, त्यामुळे ते वर उचलणाऱ्या वाऱ्याला पुरे पडत नाही. तिथे वासे स्टेनलेस स्टीलच्या पट्टीने बांधावेत. त्यात परंपरेचा काही अपमान नाही.

जंगलतोडीचा आरोप अर्धवट आहे. रत्नागिरीतले बहुतेक जंगल खाजगी असून त्यातली कितीतरी झाडे जळणासाठी जातात. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. तो जळणात लगेच हवेत जातो, तुळईत घर उभे असेपर्यंत टिकतो. उलट सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होते ते भाजलेले खडे, सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो, आणि इंधनाखेरीज खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो.

शिवाय स्लॅब पाडल्यावर उरतो तो राडारोडा. राजापूरच्या त्या घराच्या खुंट्या ठोकून काढल्या, खांबांवर खडूने आकडे घातले. बारांपैकी नऊ खांब आज शेजारच्या गावातल्या एका पडवीत उभे आहेत, त्यांतल्या दोघांची कुसवे तेवढी नव्याने कापावी लागली.