पंचवीस लाख नोकऱ्या गेल्या म्हणे!

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक जुना फॉरवर्ड पुन्हा अवतरला. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत ओबामाने फुकट विम्याचा घाट घातला आणि २५ लाख नोकऱ्या बुडाल्या. तसंही तिथे इमर्जन्सीत कुणालाही मोफत उपचार मिळतात. आणि फुकट विमा मिळाला की माणूस कामाला जातो कशाला?’ खाली आठ-दहा अंगठे. मी गेली कित्येक वर्षं फिलाडेल्फियाजवळ एका हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात आहे. गप्प बसवेना.

आधी ते २५ लाख. आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून तर इतका चिवट आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने अंदाज मांडला की ओबामांच्या या आरोग्य विमा कायद्यामुळे २०२४ पर्यंत लोक जितके तास कमी काम करतील, ते सुमारे २५ लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे भरतील. मालक काढून टाकतील म्हणून नव्हे, तर मुख्यतः माणसं स्वतःहून काम कमी करतील म्हणून. गुडघे गेलेला बासष्टीचा माणूस मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पासष्टीला मिळतं म्हणून तोवर नोकरी रेटत असतो. विमा नोकरीबाहेरही मिळतोय म्हणून त्याने ती आधीच सोडली तर ‘नोकरी बुडाली’ म्हणायचं का? प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१० पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत दर महिन्याला नोकऱ्या वाढतच गेल्या. त्याचं श्रेय मी कायद्याला देणार नाही, मंदीतून सावरणं चालू होतं. पण बुडाल्या कुठे, ते दाखवा.

खरी मेख वेगळीच आहे. इथे विमा नोकरीला बांधलेला आहे, आणि तोही जवळपास अपघाताने. १९४२ मध्ये युद्धकाळात पगारवाढीवर सरकारने लगाम घातला, तेव्हा कंपन्या माणसं टिकवायला विमा देऊ लागल्या. पुढे त्यावर करमाफी मिळाली आणि गाठ पक्की बसली. आज ती गाठ किती जड आहे बघा: २०२४ मध्ये कंपनीमार्फत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले सुमारे ६,३०० कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात, बाकीचे कंपनी भरते. नोकरी सोडली तर तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के स्वतःच्या खिशातून.

टेक्सासमधल्या माझ्या मावसबहिणीच्या हाताला चव आहे. डबे सुरू करायचं तिच्या मनात कधीपासून होतं. पण मुलाला लहानपणापासून इन्सुलिन लागतं, घरचा विमा तिच्या नोकरीवर, आणि असा आजार असलेल्या मुलासाठी बाहेर परवडेल अशी पॉलिसी मिळणं अशक्यच. ओबामांच्या कायद्यामुळे २०१४ पासून विमा कंपन्यांना आधीच्या आजाराचं कारण देऊन कुणालाही नकार देता किंवा जास्त हप्ता लावता येईनासा झाला. त्या वर्षी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तिने पहिल्यांदा घेतल्या. आणि विमा फुकट नाही हं, सरकारी सवलत धरूनही दरमहा हप्ता भरते ती.

आता इमर्जन्सी. १९८६ चा कायदा सांगतो की मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलने इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही तपासायचं आणि जिवावरचं असेल तर स्थिर करायचं. ‘मोफत’ हा शब्द त्यात नाही. साखर ५०० वर गेलेल्याला आम्ही दाखल करून घेऊ. ती ५०० वर जाऊ नये म्हणून लागणारं इन्सुलिन त्याने कुठून आणायचं, हा प्रश्न त्या कायद्याच्या बाहेरचा. गाठ कॅन्सरची निघाली तर केमो या कायद्यात बसत नाही. एकाच तपासणीचे आमच्याकडे निदान तीन भाव असतात: यादीतला, विमा कंपनीशी ठरलेला आणि मेडिकेअरचा. विमा नसलेल्याच्या घरी आधी यादीतल्या भावाचा कागद जातो. सवलतीचा अर्ज असतो, पण बारीक अक्षरात, मागच्या पानावर.

आता आमच्या बाजूचीही एक थाप. विमा दिला की इमर्जन्सीतली गर्दी ओसरेल, असं सुधारणावाले सांगत. ऑरेगनने २००८ मध्ये मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, लॉटरी काढून दिला, त्यामुळे तुलना चोख झाली. विमा मिळालेल्यांच्या इमर्जन्सीच्या फेऱ्या दीड वर्षात ४० टक्क्यांनी वाढल्या. रक्तदाबातही ठळक फरक पडला नाही. मात्र नैराश्य घटलं आणि आजारपणात घर धुऊन निघण्याचे प्रकार जवळपास थांबले. आणि काम? विमा मिळालेल्यांच्या आणि न मिळालेल्यांच्या रोजगारात दखल घ्यावा असा फरक आढळला नाही.

उलट करून पाहिलं ते आर्कान्सासने. २०१८ मध्ये तिथे नियम आला: महिन्याला ८० तास काम दाखवा, नाहीतर मेडिकेड बंद. नोंद ऑनलाइन करायची, आणि ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद! दुकान आवरून रात्री घरी येणाऱ्याने काय करायचं? काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने नियम थांबवला. नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचं काही दिसलं नाही, कारण बहुतेक जण आधीपासूनच काम करत होते किंवा आजारपणामुळे वगैरे नियमातून सुटणारे होते.

जुलै २०२५ च्या कायद्याने तीच ८० तासांची अट आता बहुतेक राज्यांत आणली आहे. राज्यांना ती लागू करायची मुदत १ जानेवारी २०२७. आमच्या विभागात तयारी सुरू झाली आहे. लोकांना फॉर्म भरून द्यायला खिडकीवर दोन माणसं वाढवायची ठरली आहेत.