फळी सरळ, भिंत वाकडी, आपण निर्दोष

स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीमधल्या भिंतीत खिडकी काढायची, तिच्यावर फळी टाकायची आणि ताटं इकडून तिकडे सरकवायची, असं तुमच्या मनाने घेतलं असेल तर अभिनंदन. पथ्य एकच पाळा. भिंतीला काहीही विचारू नका.

तिच्यावर छताचा भार आहे का, वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, टाकलीय का, असल्या शंका काढणारे लोक भेटतील. भित्रे असतात ते. वरच्या विटा आधाराशिवाय राहतात की नाही, हे खालच्या विटा काढल्यावर आपोआप कळतंच. वायर बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर किंवा खाली नेलेली असते, तेव्हा छिन्नीचा पहिला घाव तिथेच घाला. लागलीच सापडेल.

आता माप. टेप एकदाच धरा, तोही पुढच्या कडेला. गिलावा कुठे जाड, कुठे पातळ असतो. त्यामुळे तीच खिडकी पुढे १२०० मिलिमीटर आणि मागे ११९२ भरू शकते. पण मागे वाकून बघायला तुम्हाला वेळ कुठे आहे? काही सुतार आधी खिडकीत पुठ्ठा बसवतात, कातरत कातरत भिंतीचा सगळा वाकडेपणा त्यावर उतरवून घेतात आणि मग त्यावरून फळी आखतात. पुठ्ठा चुकला तर दुसरा घेता येतो, म्हणजे त्यात मर्दुमकी ती कसली! तुम्ही थेट लाकडाला करवत लावा. काटकोन तपासणारा गुण्या आणि सपाटी तपासणारी लेव्हल हत्यारांच्या पेटीतच राहू द्या. बाहेर काढली की ती चहाड्या करतात.

फळीला कान हवेतच. म्हणजे टोकं खिडकीपेक्षा रुंद ठेवून भिंतीवर दोन्ही बाजूंना थोडी पसरवायची. फार देखणं दिसतं. एका खोलीत दिसतं तर दुसरीने काय घोडं मारलंय? दोन्हीकडे कान काढा, कडा घासून गुळगुळीत करा, पॉलिश चढवा, दोघांनी धरून फळी खिडकीपाशी आणा. इथवर आल्यावर तुमच्या लक्षात येईल की मधला भाग खिडकीत बरोब्बर बसतो, फक्त तिथवर पोहोचायला पुढचे कान खिडकीतून जायला हवेत, आणि ते तर खिडकीपेक्षा मोठे. एक बाजू सपाट ठेवणं किंवा फळी दोन तुकड्यांत करून जागेवर जोडणं हे उपाय तेव्हा कुणीतरी सुचवेलच. सुचवणारा नेमका फळीचं दुसरं टोक धरून उभा असतो, त्यामुळे त्याच्यावर ओरडायला हात मोकळे नसतात.

पॉलिश फक्त वरून करा. खालून कोण बघतंय? खालची कोरी बाजू हवेतली ओल पिते, वरची पीत नाही, आणि फळी हळूहळू वाकते. स्क्रूची भोकंही घट्ट गोल पाडा. लाकूड ऋतूप्रमाणे आडवं फुगतं आणि आकसतं, म्हणून जाणते लोक भोकं लांबट ठेवतात. तुम्ही लाकडाला शिस्त लावा. फार तर चिरेल.

प्लायवर लॅमिनेट लावणार असाल तर कॉन्टॅक्ट गोंद दोन्हीकडे लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं असतं, आणि मध्ये काठ्या ठेवून लॅमिनेटचा पत्रा जागेवर आणायचा असतो, कारण एकदा टेकला की तो हलत नाही. काठ्या वगैरे ठेवू नका. तिरका चिकटला तर डिझाइन म्हणा.

फटी? सिलिकॉन. पुढे चला.

खरी मजा फळीच्या भिंतीबाहेर काढलेल्या भागाची. १०५० मिलिमीटर उंचीच्या फळीशी स्टुलावर बसायचं तर गुडघ्यांना साधारण ३०० मिलिमीटर जागा लागते. फळी लाकडाऐवजी ग्रॅनाइटची असेल तर २० मिलिमीटर जाडीचा दगड मात्र आधाराशिवाय साधारण १५० पर्यंतच बाहेर काढतात. या भांडणात तुम्ही गुडघ्यांची बाजू घ्या. ब्रॅकेट लावले तर प्रश्न मिटतो, पण ते खालून दिसतात आणि फोटो बिघडतो. पाहुणा बसला की गप्पांच्या भरात कोपर टेकवणारच, आणि त्याला आधी वजन विचारणं बरं दिसत नाही. तेव्हा आग्रह करायला, वाढायला, तुम्ही कायम ओट्याच्या बाजूला उभे राहा. दगड बाहेरच्या बाजूला पडतो.