"प्री-ट्रिप म्हणजे नुसतं पाठांतर" हे आधी डोक्यातून काढा

अमेरिकेत सीडीएल, म्हणजे ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स, काढायला निघालेल्या आपल्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात त्यात म्हटलंय असं की प्री-ट्रिप इन्स्पेक्शन (गाडी निघायच्या आधीची तपासणी, जी टेस्टमध्ये एक्झामिनरसमोर करून दाखवावी लागते) म्हणजे पाठांतराची परीक्षा, प्रत्येक पार्टला "तडा नाही, वाकलेलं नाही, तुटलेलं नाही" एवढं म्हणत सुटायचं, एअर ब्रेकचे चार आकडे घोकायचे, टायरला लाथ घालायची आणि पास झालात की विसरून जायचं कारण नोकरीत हे कोणीच करत नाही. हे वाचून पोरं खरंच तशीच जातात आणि पहिल्याच टप्प्यात घरी परत येतात म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

पहिलं ते तीन शब्दांचं वाक्य. फ्रेमला, लीफ स्प्रिंगला (पट्ट्यांच्या स्प्रिंगला), माउंटिंगला ते चालतं, नाही म्हणत नाही. पण एअर होजला (ब्रेकच्या हवेच्या नळीला) काय वाकलेलं नाही म्हणणार? होजला बघायचं असतं की ती कापली गेलीय का, घासली गेलीय का, हवा गळतीय का, आणि गळती कानाने ऐकायची असते. लग नटला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या नटला, गंजाचे ओघळ किंवा चकाकणारे आटे दिसले तर नट सैल झालाय असं समजायचं. हब सीलला (चाकाच्या मधल्या भागातलं तेल अडवणाऱ्या सीलला) तेल गळतंय का ते बघायचं कारण ते तेल ब्रेक लायनिंगवर गेलं की तो ब्रेक धरतच नाही. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकच्या दांड्याला जोडलेला, ब्रेकमधलं अंतर राखणारा आर्म) ब्रेक सोडलेले असताना हाताने ओढला तर साधारण एक इंचाहून जास्त हलता कामा नये. प्रत्येक पार्ट आपापल्या पद्धतीने खराब होतो आणि एक्झामिनरला तुम्हाला ते माहितीय का तेच बघायचंय, शिवाय बोट दाखवून किंवा हात लावून सांगावं लागतं, लांब उभं राहून नावं घेतली तर मार्क मिळत नाहीत.

आता एअर ब्रेक. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण ही टेस्ट चुकली की इन्स्पेक्शनच नापास, बाकी सगळं कितीही छान झालेलं असो. मेसेजवाला म्हणतो आकडे पाठ करा. आकडे लागतातच, पण तिथे ते बोलून दाखवायचे नसतात, करून दाखवायचे असतात. चाकांना चॉक (अडसर) लावायचे, हवा पूर्ण भरू द्यायची, इंजिन बंद करायचं, चावी परत ऑनवर आणायची, पार्किंग ब्रेकची दोन्ही बटणं आत ढकलायची म्हणजे तो ब्रेक सुटतो, मग पेडल दाबून काटा स्थिर झाल्यावर पूर्ण एक मिनिट धरून ठेवायचं. ट्रॅक्टर-ट्रेलरला (पुढचं इंजिनवालं डोकं म्हणजे ट्रॅक्टर, मागे जोडलेला ट्रेलर) त्या मिनिटात 4 पीएसआयपेक्षा (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) जास्त हवा जाता कामा नये, एकट्या ट्रकला 3. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवायची, 55 पीएसआयच्या खाली काटा जायच्या आत हवा कमी झाल्याचा इशारा, दिवा नि बझर, आला पाहिजे, आणि तसंच दाबत राहिलात की 20 ते 45 च्या मध्ये बटणं आपोआप बाहेर येतात. चावी ऑन करायची विसरलात तर दिवाही लागणार नाही, बझरही वाजणार नाही, आणि घोकणारे नेमके तिथेच अडकतात कारण पाठ केलेल्या वाक्यात चावी कशासाठी ते नसतं. एकदा कारण कळलं की क्रम आपोआप लक्षात राहतो: पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर लागतो, हवा त्या स्प्रिंगला फक्त दाबून धरते, म्हणून हवा संपत आली की स्प्रिंग सुटते आणि गाडी रस्त्यावर जिथे असेल तिथे जाम होते, आणि ते व्हायच्या आत तुम्हाला बाजूला घ्यायला वेळ मिळावा म्हणून तो इशारा आधी येतो.

टायरला लाथ. ड्युअल, म्हणजे शेजारी-शेजारी लावलेल्या जोडीतल्या टायरमधला आतला अगदी बसलेला असला तरी बाहेरचा वजन पेलून धरतो आणि लांबून जोडी ठीकच दिसते. लाथेने फार तर अगदीच हवा गेलेला टायर कळेल, कमी हवा कळत नाही, त्याला गेजच लागतो. ट्रेडही (टायरच्या खाचांची खोली) मापाने, स्टिअर टायरला, म्हणजे पुढच्या वळणाऱ्या टायरला, कमीत कमी 4/32 इंच, बाकीच्यांना 2/32.

फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रॅक्टरवरची ट्रेलर जोडायची प्लेट, त्याबद्दल तर मेसेजमध्ये अक्षर नाही, खरं तर माझ्या मते सगळ्यात जीवघेणी जागा तीच. ट्रेलर जरा उंच असताना ट्रॅक्टर मागे घेतला तर किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची जाड पिन) फिफ्थ व्हीलच्या जबड्यांत नीट बसत नाही, आणि बाहेरून मात्र सगळं जोडलेलं दिसतं. म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकायचं, ट्रेलरची प्लेट आणि फिफ्थ व्हील यात फट नाही ना बघायचं, जबडे किंगपिनच्या मागून पूर्ण बंद झालेत का ते आत डोकावून बघायचं, रिलीज आर्म (जबडे उघडायचा दांडा) लॉक स्थितीत आहे का तेही.

"नोकरीत कोणी करत नाही." करणारे भरपूर आहेत, आणि नियम तर सरळ आहे, गाडी चालवायच्या आधी ती सुरक्षित आहे अशी ड्रायव्हरने स्वतःची खात्री करायची असते, मागच्या ड्रायव्हरचा रिपोर्ट असेल तर तो वाचायचा असतो. रस्त्यात लेव्हल वन इन्स्पेक्शन (अधिकाऱ्यांची सगळ्यात सविस्तर तपासणी) लागलं तर ते 37 टप्प्यांचं असतं आणि 20 टक्के ब्रेक खराब निघाले की गाडी तिथेच आउट ऑफ सर्व्हिस, म्हणजे दुरुस्त होईपर्यंत हलवायची नाही. नेहमीच्या पाच अ‍ॅक्सलच्या गाडीला दहा ब्रेक, म्हणजे फक्त दोन खराब. वर ते इन्स्पेक्शन तुमच्या नावावर तीन वर्षं दिसतं, नवीन कंपनी तुमच्या संमतीने ते रेकॉर्ड काढून बघू शकते.

मेसेजमधली एक गोष्ट मला पटते, ती म्हणजे क्रम ठरलेला हवा. रोज एकाच जागेपासून सुरुवात, एकाच दिशेने फेरी, म्हणजे काही सुटत नाही. काही राज्यांत चेकलिस्ट हातात ठेवू देतात, तुमच्याकडे चालते का ते आधीच विचारून घ्या. पण चेकलिस्टवर पार्टचं नाव असतं, त्यात काय बघायचं ते तुम्हालाच सांगावं लागतं.

आणि आपल्या लोकांसाठी खास. स्किल टेस्टला (प्री-ट्रिप आणि गाडी चालवून दाखवायच्या टेस्टला) दुभाषा चालत नाही, सूचना इंग्रजीतच येतात आणि उत्तरही इंग्रजीतच द्यायचं. पाठ केलेलं म्हणताना एक्झामिनरने मध्येच थांबवून विचारलं की यात नक्की काय बघितलंस, की पोपटपंची तिथेच थांबते. मोडकंतोडकं इंग्रजी चालेल, पण स्वतःचं हवं. म्हणून घरी कागद घेऊन बसण्यापेक्षा यार्डात गाडीपाशी जा, शक्यतो ज्या गाडीवर टेस्ट द्यायचीय तीच, कोणालातरी सोबत घ्या आणि त्याला सांगा की मला मधूनच कुठलाही पार्ट दाखवून विचार, क्रमाने विचारू नकोस.